सायकलमागे मालाचा ट्रेलर: जोडणीपासून पहिल्या भरलेल्या फेरीपर्यंत

सायकलला ट्रेलर जोडायचे ठरले की बहुतेकांचे लक्ष आधी ट्रेलरच्या पेटीकडे जाते. ती किती लांब असावी, पत्र्याची करावी की प्लायवुडची, तिला झाकण हवे का, यावर बरीच चर्चा होते. वास्तविक पेटी हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. ट्रेलर रस्त्यावर नीट चालेल की नाही, हे सायकलच्या मागच्या एक्सलवरची (चाकाच्या आसावरची) जोडणी, ट्रेलरच्या चाकांच्या पुढे-मागे वाटले गेलेले वजन आणि सायकलचे ब्रेक यांवर ठरते. म्हणून या लेखात पेटीविषयी थोडे आणि या तीन गोष्टींविषयी बरेच सांगितले आहे.

पुण्यात मार्केट यार्डातून शेजाऱ्यांसाठी एकत्र भाजी आणण्याकरिता मी दोन चाकांचा ट्रेलर वापरतो. पुढील मापे आणि सूचना त्याच कामाला धरून आहेत: डांबरी पण खड्ड्यांचा रस्ता, अधूनमधून चढ, आणि एका वेळी साधारण ५० किलोपर्यंत माल. तुमचे काम वेगळे असेल तर मापे बदलतील, मात्र कामाचा क्रम बदलू नये.

१. आधी वजन मोजा

माल २० किलोच्या आत असेल आणि फार पसरट नसेल, तर ट्रेलरच्या भानगडीत पडू नये. मजबूत कॅरिअर आणि दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या यांनी काम भागते, आणि गर्दीत सायकल वळवणेही सोपे राहते. अंदाजासाठी काही वजने लक्षात ठेवावीत. पाण्याचा २० लिटरचा भरलेला जार २१ किलोच्या आसपास भरतो. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असला, तरी लोखंडासह त्याचे वजन ३० किलोच्या जवळ जाते. सिमेंटचे पोते ५० किलोचे असते.

तयार ट्रेलरांच्या क्षमता पाहिल्या की कोणत्या वजनाला कशी बांधणी लागते, याचा अंदाज येतो. लांबच्या प्रवासासाठी प्रसिद्ध असलेला एका चाकाचा ‘बॉब याक’ ३२ किलोपर्यंत माल घेतो. ‘बर्ली’ कंपनीचा दोन चाकांचा ‘नोमॅड’ ४५ किलो घेतो. ‘सर्ली’चे ‘बिल’ आणि ‘टेड’ हे सपाट ट्रेलर १३६ किलोंसाठी बनवलेले आहेत. जर्मनीतला ‘कार्ला कार्गो’ १५० किलोपर्यंत जातो, पण त्याला स्वतःचा ब्रेक असतो, आणि या यादीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. ट्रेलरला ब्रेक नसेल, तर लोखंडाने कितीही वजन पेलले तरी ते थांबवण्याचे काम सायकलच्या दोन ब्रेकांनाच करावे लागते. त्यामुळे ब्रेक नसलेल्या ट्रेलरवर नवशिक्याने ५० किलोंची मर्यादा पाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

२. एक चाक की दोन चाके

एका चाकाचा ट्रेलर मागच्या एक्सलच्या दोन्ही टोकांना धरलेला असतो आणि सायकलबरोबर कलतो. तो अरुंद असल्यामुळे गल्लीबोळातून आणि कच्च्या वाटेवरून चांगला जातो. मात्र त्याचे सगळे ओझे तोलून धरण्याची जबाबदारी सायकलस्वारावर असते, आणि सायकल उभी करताना भरलेला ट्रेलर तिला आडवी पाडू पाहतो. बाजारहाट आणि शहरातील मालवाहतूक यांसाठी दोन चाकांचाच घ्यावा. तो स्वतःच्या पायावर उभा राहतो, भरताना हलत नाही, आणि जोडणी योग्य असेल तर सायकल आडवी झाली तरी तो सरळच राहतो.

एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. हा मालाचा ट्रेलर आहे. मुलांना बसवण्याच्या ट्रेलरला पट्टे, डोक्याभोवतीचा सांगाडा आणि वेगळी बांधणी लागते. गंमत म्हणूनही मालाच्या ट्रेलरमध्ये मूल बसवू नये.

३. सायकल हे ओझे ओढण्याजोगी आहे का ते पाहा

सायकलस्वार ७० किलो, सायकल २० किलो, ट्रेलर १५ किलो आणि माल ५० किलो धरला, तर एकूण १५५ किलो होतात. ट्रेलर नसताना हाच आकडा ९० असतो. ब्रेकची पकड तेवढीच राहिली, तर थांबायला लागणारे अंतर याच प्रमाणात, म्हणजे सुमारे पावणेदोन पट वाढते. म्हणून तपासणी ब्रेकपासून सुरू करावी. डिस्क ब्रेक उत्तम. चांगल्या रबरांचे आणि अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर चालणारे व्ही-ब्रेकही पुरतात. जुन्या काळ्या सायकलीचे दांड्याचे ब्रेक लोखंडी रिमवर पावसात फारच कमी धरतात. अशा सायकलीला ट्रेलर जोडायचाच असेल तर माल ३० किलोच्या आत ठेवावा आणि पावसाळ्यात ट्रेलर घरीच राहू द्यावा.

त्यानंतर मागचे चाक पाहावे. रिमला आऊट असेल, म्हणजे ती फिरताना डोलत असेल, तर तो काढून घ्यावा, सैल तारा ताणून घ्याव्यात आणि चाक हाताने आडवे हलवून कोन (एक्सलवरचे, छर्रे धरून ठेवणारे नट) ढिले आहेत का ते तपासावे. जुन्या काळ्या सायकलीत पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा असत. ओझ्याच्या दृष्टीने ती व्यवस्था आजही चांगली आहे. कार्बनच्या फ्रेमला किंवा कार्बनच्या सीटपोस्टला (सीटखालच्या नळीला) ट्रेलर जोडू नये.

गिअरचा विचार चढासाठी करायचा. १५५ किलोंचे एकूण वजन घेऊन ५ टक्क्यांचा चढ ताशी ८ किलोमीटरने चढायला पायांना सुमारे २०० वॉट शक्ती द्यावी लागते. सराव असलेल्या माणसालाही ही शक्ती फार वेळ देणे जड जाते. बिनगिअरच्या सायकलीला मागे थोड्या अधिक दात्यांचे फ्रीव्हील बसवून घेतल्यास चढावर फरक जाणवतो, आणि ते न जमल्यास चढावर उतरून ढकलण्यात काही कमीपणा नाही.

४. जोडणीची जागा ठरवा

ट्रेलरची दांडी सायकलला दोन ठिकाणी जोडता येते: मागच्या एक्सलला डाव्या बाजूने, किंवा सीटखालच्या पोस्टला.

सीटपोस्टची जोडणी बसवायला सोपी असते आणि ती सायकलच्या मध्यरेषेवर असल्याने दोन्ही बाजूंना सारखी वळते. पण ओढ उंचावरून बसते, त्यामुळे ब्रेक लावताना किंवा खड्ड्यात ट्रेलरचा धक्का थेट सीटखाली जाणवतो आणि सायकल डोलते. शिवाय दांडीला कॅरिअरच्या वरून जावे लागते, म्हणजे कॅरिअर निकामी होते. हलक्या मालासाठी ती चालते. ३० किलोंच्या पुढे एक्सलचीच जोडणी घ्यावी.

एक्सलच्या जोडणीत एक पोलादी पट्टी किंवा कप डाव्या बाजूच्या नटखाली बसतो. उजवीकडे चेन, फ्रीव्हील आणि गिअर असल्यामुळे ती बाजू मोकळी नसते. वाचायला हे सोपे वाटते, पण नवख्यांची सर्वाधिक गफलत इथेच होते. म्हणून सायकलीच्या प्रकारानुसार पुढील गोष्टी तपासाव्यात.

काळी किंवा साधी सायकल: तिच्या मागच्या एक्सलवर आधीच मडगार्डच्या तारा, कॅरिअरचे पाय आणि अनेकदा स्टँड यांची गर्दी असते. त्यात आणखी ५ मिलिमीटरची पट्टी घातली की नटाला धरायला पुरेसे आटे उरत नाहीत. नट लागल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात सुटतो. नट पूर्ण बसल्यावर त्याबाहेर दोन-तीन आटे दिसलेच पाहिजेत. ते दिसत नसतील तर अधिक लांबीचा एक्सल टाकून घ्यावा. सायकलच्या दुकानात तो सहज मिळतो आणि खर्चही नाममात्र येतो. दोन पायांचे स्टँड वर उचलल्यावर जोडणीला अडत नाही ना, हेही पट्टी कसण्यापूर्वी पाहावे.

क्विक रिलीजची (लिव्हर उघडून चाक काढता येणारी) सायकल: एक्सलमधून जाणारी, पट्टीच्या जाडीइतकी अधिक लांब अशी नवी दांडी घ्यावी. जुन्याच दांडीवर भागवू नये. लिव्हर बंद करताना तळहातावर वळ उठेल इतका जोर लागला पाहिजे.

थ्रू-एक्सलची (फ्रेममध्येच आट्यांनी बसणाऱ्या जाड एक्सलची) सायकल: येथे मूळ एक्सल काढून त्याच लांबीचा, त्याच आट्यांचा आणि ट्रेलरची जोडणी घेणारा एक्सल घालावा लागतो. १२ मिलिमीटरच्या एक्सलमध्येही आट्यांचे अंतर १, १.५ किंवा १.७५ मिलिमीटर असे वेगवेगळे असते. चुकीचा एक्सल जोराने फिरवल्यास फ्रेमचे आटे जातात, म्हणून जुन्या एक्सलवर कोरलेली मापे वाचल्याशिवाय नवा मागवू नये.

मागच्या चाकात मोटर असलेली सायकल: मोटरचा एक्सल दोन बाजूंनी चपटा असतो, त्यावर एक्सलला फिरू न देणारे वॉशर असतात आणि एका टोकातून वायर बाहेर येते. हे वॉशर काढून त्यांच्या जागी ट्रेलरची पट्टी बसवणे अत्यंत धोक्याचे आहे, कारण मोटर जोर लावते तेव्हा एक्सलच फ्रेममधून फिरून बाहेर येऊ शकतो. अशा सायकलीला सीटपोस्टची जोडणी घ्यावी किंवा फ्रेमवर वेगळा क्लँप बसवावा.

५. सांध्याला तीन हालचाली हव्यात

दोन चाकांच्या ट्रेलरचा सांधा डावी-उजवीकडे वळला पाहिजे, वर-खाली हलला पाहिजे आणि स्वतःभोवती पिळताही आला पाहिजे. पहिली हालचाल वळणासाठी आणि दुसरी गतिरोधकासाठी लागते, हे कोणालाही चटकन कळते. तिसरी मात्र विसरली जाते. सायकल वळणावर कलते, ट्रेलर कलत नाही. सांध्यात पीळ घेण्याची सोय नसेल, तर तो पीळ एक्सलवर आणि फ्रेमवर येतो आणि वेल्डिंग तडकते. साध्या बिजागरीने किंवा एका बोल्टने केलेली जोडणी म्हणूनच टिकत नाही.

तयार जोडण्यांमध्ये स्प्रिंग, जाड रबर किंवा बॉल आणि कप असतो. स्वतः करायची असल्यास मला सर्वांत भरवशाचा वाटलेला मार्ग रॉड-एंड बेअरिंगचा आहे. त्याच्या डोळ्यातून बोल्ट जातो, आतला गोळा काही अंशांपर्यंत सर्व बाजूंना फिरतो, आणि त्याला एक उभी खीळ जोडली की वळणाचा पूर्ण कोन मिळतो. काही जण हवेच्या कॉम्प्रेसरच्या नळीला लावतात तो क्विक कपलर वापरतात. तो झटपट निघतो, पण ताण आणि कंपन सतत बसेल अशा कामासाठी तो बनवलेला नसतो, त्यामुळे भरलेल्या ट्रेलरला मी तो सुचवणार नाही.

सांधा कोणताही असो, सुरक्षेचा पट्टा हवाच. जाड नायलॉनचा पट्टा किंवा साखळी दांडीला कायमची बांधून, सायकलच्या फ्रेमच्या मागच्या नळीभोवती फिरवून अडकवावी. सांधा निसटला तर ट्रेलर मोकळा सुटून मागच्या दुचाकीस्वाराच्या अंगावर जाऊ नये, एवढ्यासाठी ती असते. तिची लांबी इतकीच ठेवावी की दांडी जमिनीला टेकणार नाही.

६. साहित्य आणि हत्यारे

फॅब्रिकेशनच्या दुकानात जाण्यापूर्वी पुढील साहित्य गोळा करावे. पुण्यात नट-बोल्ट आणि हार्डवेअरसाठी रविवार पेठेतील बोहरी आळी, तर जुनी चाके शोधण्यासाठी बुधवार-रविवारचा जुना बाजार, असा माझा शिरस्ता आहे.

– २५ × २५ मिलिमीटरचा, १.६ मिलिमीटर जाडीचा लोखंडी चौकोनी पाइप, एक पूर्ण लांबी म्हणजे ६ मीटर. त्याचे वजन सुमारे ७ किलो भरते.
– दांडीसाठी ३२ मिलिमीटर व्यासाचा, २ मिलिमीटर जाडीचा गोल पाइप, सुमारे सव्वा मीटर.
– लहान मुलांच्या सायकलीची २० इंची दोन पुढची चाके, टायर-ट्यूबसह, दोन्ही एकाच मापाची.
– चाकांचे एक्सल धरण्यासाठी ५ मिलिमीटर जाडीच्या चार पट्ट्या.
– डोक्यावर ८.८ असा आकडा असलेले एम-८ बोल्ट, नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, सहज न सुटणारे) नट आणि वॉशर.
– रॉड-एंड बेअरिंग, खीळ आणि ती निसटू नये म्हणून लिंचपिन. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात ही पिन मिळते.
– तळासाठी पाण्यात न फुगणारे प्लायवुड, रेडऑक्साइड आणि ऑइलपेंट.
– लाल, पांढरी आणि पिवळी चमकपट्टी, लाल दिवा, मालासाठी रॅचेटचे दोन पट्टे.
– हत्यारांमध्ये १३ आणि १५ नंबरचे पाने, अ‍ॅलन कीचा संच, टेप, गुण्या, हवेचा पंप आणि सामान मोजण्याचा लटकता काटा.

कागदपत्रांचे काम थोडके आहे. पायडलने चालणारी सायकल मोटार वाहन कायद्यात येत नाही, त्यामुळे तिच्या ट्रेलरलाही आरटीओची नोंदणी लागत नाही. फ्रेम नंबर असलेले सायकलचे बिल मात्र जपून ठेवावे. सायकल विजेची असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतील मर्यादा लक्षात घ्याव्यात: मोटर २५० वॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत. या मर्यादांतले वाहन मोटार वाहन मानले जात नाही, परंतु त्यासाठी मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची मंजुरी असावी लागते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशीच एक संस्था आहे. ट्रेलर ओढण्यासाठी म्हणून कोणी अधिक वॉटची मोटर बसवून देऊ लागला तर त्याला नकार द्यावा, कारण त्या क्षणी तुमची सायकल नोंदणी आणि विमा लागणारे वाहन ठरते. विक्रेत्याकडून बिल आणि मंजुरीच्या प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी.

७. ट्रेलरची मापे आणि वेल्डिंग

मापे मालावरून काढावीत. भाजीबाजारात सर्रास दिसणारा प्लास्टिकचा क्रेट सुमारे ५४ × ३६ सेंटीमीटरचा असतो. तळ आतून ५५ सेंटीमीटर रुंद आणि ८० सेंटीमीटर लांब ठेवला की दोन क्रेट आडवे, एकामागे एक बसतात. चाके तळाच्या बाहेर घ्यावीत, म्हणजे तळ खाली राहतो. अशा बांधणीत चाकांच्या मध्यांतले अंतर ७० सेंटीमीटर आणि बाहेरून बाहेर एकूण रुंदी ८५ सेंटीमीटरच्या आसपास येते. ही रुंदी बहुतेक सायकलींच्या हँडलपेक्षा जास्त आहे. त्यामुळे ‘हँडल गेले म्हणजे सायकल गेली’ हा नेहमीचा अंदाज येथे चालणार नाही. सायकल ट्रॅकच्या तोंडाशी रोवलेले खांब आणि सोसायटीचे छोटे फाटक टेपने मोजून मगच वेल्डिंगला हात घालावा.

सायकलच्या चाकाचा एक्सल दोन्ही टोकांना आधार मिळेल अशाच हिशेबाने बनवलेला असतो. पाइप वाचवण्यासाठी तो एकाच बाजूने धरला, तर भरलेल्या ट्रेलरखाली तो वाकतो. कारागीर सांगेल की ‘चालतंय, काही होत नाही’. तरीही चाकाच्या बाहेरच्या बाजूने पाइप फिरवून घेण्याचा आग्रह सोडू नये.

चाकांचा एक्सल तळाच्या बरोबर मध्यावर न घेता १० सेंटीमीटर मागे घ्यावा. यामागचा हिशेब असा. ट्रेलर आणि माल मिळून ६५ किलो आहेत, ते तळावर समान पसरले आहेत आणि ट्रेलरच्या एक्सलपासून सायकलच्या जोडणीपर्यंत १०० सेंटीमीटर अंतर आहे असे धरले, तर जोडणीवर साडेसहा किलो भार येतो. हा भार ५ ते ८ किलोंच्या दरम्यान असावा. तो शून्याखाली गेला, म्हणजे माल मागे जड झाला, तर बैलगाडी उलाळते तसा ट्रेलर सायकलचे मागचे चाक वर उचलू लागतो आणि वेग वाढताच शेपटीसारखा हलतो. भार फार वाढला तर मागच्या चाकाच्या तारांवर आणि सांध्यावर नाहक ताण येतो.

दांडीची उंची ठरवताना तळ आडव्या रेषेत राहील असे पाहावे. काळ्या सायकलीच्या २८ इंची चाकाचा एक्सल जमिनीपासून सुमारे ३५ सेंटीमीटर आणि ट्रेलरच्या २० इंची चाकाचा सुमारे २५ सेंटीमीटर उंच असतो. म्हणजे दांडीला पुढे येताना १० सेंटीमीटर वर चढावे लागते.

आता दांडीचा बाक. डाव्या एक्सलपासून निघालेली दांडी चाकाला वळसा घालून ट्रेलरच्या मध्यावर येते. सायकल डावीकडे वळली की दांडी चाकापासून दूर जाते. सायकल उजवीकडे वळली की ती चाकाच्या दिशेने येते आणि एका मर्यादेनंतर टायरला किंवा फ्रेमला टेकते. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे आपले यू-टर्न नेमके उजवीकडचे असतात. म्हणून बाक वेल्ड करण्यापूर्वी दांडी तारेने तात्पुरती बांधून सायकल उजवीकडे पूर्ण वळवून पाहावी, आणि टायरच्या मागे किमान १५ सेंटीमीटर मोकळी जागा ठेवावी. जागच्या जागी फिरल्यासारखा तुटक यू-टर्न घ्यायची सवय असेल तर ती आताच सोडावी. एक्सलच्या जोडणीला तो मानवत नाही.

वेल्डिंग झाल्यावर दोन्ही चाकांमधले अंतर चाकांच्या पुढच्या कडेला आणि मागच्या कडेला मोजावे. फरक ३ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर चाके फेगडी आहेत. ट्रेलर जड ओढेल आणि टायर लवकर झिजतील. रंग देण्याआधीच हे दुरुस्त करून घ्यावे.

८. जोडणी बसवणे

सायकल उलटी न ठेवता कोणाला तरी धरायला सांगावे. डावा नट काढून मडगार्डची तार आणि कॅरिअरचा पाय जागेवर ठेवावा, त्यावर जोडणीची पट्टी, मग वॉशर आणि नट, असा क्रम ठेवावा. चाक फ्रेमच्या मध्यावर आहे आणि चेनचा ताण पूर्वीइतकाच आहे, याची खात्री करून दोन्ही बाजूंचे नट आळीपाळीने कसावेत. डिस्क ब्रेक असल्यास पट्टी कॅलिपरला घासत नाही ना ते पाहावे. शेवटी खीळ, लिंचपिन आणि सुरक्षेचा पट्टा अडकवून ट्रेलर हाताने जोरात मागे ओढून, वर उचलून आणि पिळून पाहावा.

९. माल भरणे

जड वस्तू तळाशी आणि एक्सलच्या किंचित पुढे, हलक्या वस्तू वर आणि मागे. डाव्या-उजव्या बाजूंचे वजन सारखे असावे. भरून झाले की सांधा काढून दांडीचे टोक लटकत्या काट्याने उचलावे आणि भार ५ ते ८ किलो आहे का ते वाचावे. चार-सहा वेळा असे केले की हाताला अंदाज येतो आणि काट्याची गरज संपते.

उंचीचा मोह टाळावा. चाकांतले अंतर ७० सेंटीमीटर असताना मालाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटीमीटरवर असेल, तर ५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २० किलोमीटरच्या जरा पुढे आतले चाक उचलते. हे सपाट रस्त्याचे गणित झाले. आतले चाक दगडावर चढले तर त्याहून कमी वेगातही ट्रेलर उलटतो. क्रेटवर क्रेट रचण्यापेक्षा दोन फेऱ्या माराव्यात.

माल पट्ट्याने आवळून बांधावा. रबरी हुकांची दोरी पिशवी धरून ठेवते, पण गतिरोधकावर उसळणारा बटाट्याचा क्रेट तिला जुमानत नाही. पट्ट्याचे मोकळे टोक चाकात जाणार नाही असे खोचावे.

१०. पहिल्या फेऱ्या

पहिली फेरी रिकाम्या ट्रेलरने, मोकळ्या मैदानात किंवा पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर घ्यावी. रिकामा ट्रेलर खड्ड्यांवर खूप उड्या मारतो आणि आवाज करतो. त्याने घाबरू नये. डावीकडे-उजवीकडे वळणे, आठचा आकडा काढणे, आणि ट्रेलर मागे ढकलणे यांचा सराव करावा. मागे ढकलताना सायकल ज्या बाजूला जाते त्याच्या उलट बाजूला ट्रेलर जातो. ते जमत नसेल तर सांधा सोडून ट्रेलर हाताने वळवणे अधिक शहाणपणाचे.

दुसऱ्या फेरीत २० किलो घ्यावेत आणि फक्त ब्रेकचा सराव करावा. ब्रेक नेहमी सायकल सरळ असताना, वळण सुरू होण्याआधी लावावा. वळणात मागचा ब्रेक दाबून चाक घसरले, तर मागून येणारा ट्रेलर सायकलला आडवी ढकलतो. पुढचा ब्रेक मुख्य आणि मागचा त्याला हलकी साथ, असे हातांना शिकवावे. ओल्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक हळुवार लावावेत. उतारावर वेग सुरुवातीपासूनच ताशी १५ किलोमीटरच्या आत राखावा. ताशी २५ ऐवजी १५ ने चालल्यास ब्रेकांना जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ एक तृतीयांशावर येते. भरलेला ट्रेलर घेऊन कात्रज किंवा दिवे घाट उतरण्याचा उद्योग नवशिक्याने करू नये.

११. रस्त्यावर

वळणावर ट्रेलर सायकलच्या आतून जातो. आपल्याकडे डावे वळण फुटपाथला लागून असल्याने ट्रेलरचे डावे चाक कडेवर चढण्याचा संभव असतो. तेव्हा थोडे पुढे जाऊन, मोठे वळण घ्यावे. गतिरोधक काटकोनात आणि सावकाश ओलांडावा. कडेच्या फटीतून सायकल काढण्याची सवय ट्रेलर असताना उलटते, कारण फटीतून सायकल जाते आणि ट्रेलरचे एक चाक गतिरोधकावर चढते. खड्डा दिसला तर नुसती सायकल नव्हे, ट्रेलरची दोन्ही चाकेही त्यातून वाचवायची आहेत हे ध्यानात ठेवावे.

मागून येणाऱ्यांना सायकलमागे काही असेल ही कल्पनाच नसते. ट्रेलरच्या मागे उजव्या कोपऱ्यात लाल दिवा लावावा, मध्यभागी लावू नये, कारण वाहनांना तुमची उजवी कड दिसली पाहिजे. मागे लाल, पुढे पांढरी आणि बाजूंना पिवळी चमकपट्टी लावावी, आणि डोक्याच्या उंचीपर्यंत येणारी लवचीक काठी व झेंडा बसवावा. मोटारचालक काठीकडे हसून पाहतात, म्हणजे त्यांना ती दिसते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलींना बंदी आहे. शहरातील काही उड्डाणपुलांवरही तशी पाटी असते. ट्रेलरसह माघारी वळणे अवघड असल्याने नव्या वाटेने जाण्यापूर्वी ती एकदा रिकाम्या सायकलीने पाहून यावी.

१२. देखभाल

प्रत्येक फेरीपूर्वी खीळ, लिंचपिन, सुरक्षेचा पट्टा, डावा नट आणि तिन्ही मागच्या चाकांची हवा पाहावी. टायरच्या बाजूवर छापलेल्या दाबाइतकी हवा ठेवावी. कमी हवेने ट्रेलर जड ओढतो आणि रिम खड्ड्यात चेपते. सायकलच्या आणि ट्रेलरच्या ट्यूबचे माप वेगळे असते, त्यामुळे पंक्चरच्या पिशवीत दोन्ही मापांची एकेक ट्यूब आणि ट्रेलरच्या नटाला लागणारा पाना ठेवावा.

महिन्यातून एकदा सांध्याजवळचे आणि दांडीच्या मुळाशी असलेले वेल्डिंग कापडाने पुसून नीट न्याहाळावे. रंगावर केसाएवढी रेघ किंवा गंजाची बारीक ओळ दिसली, तर ती तडा समजावी आणि ट्रेलर पुन्हा वेल्ड होईपर्यंत वापरू नये. रॉड-एंडमध्ये खडखड जाणवू लागली की तो बदलावा. ब्रेकची रबरे पूर्वीपेक्षा बरीच लवकर झिजतात, म्हणून एक जोडी घरात असू द्यावी. पावसाळ्यानंतर चाकांचे कोन उघडून छर्रे धुऊन नवे ग्रीस भरावे, आणि चौकोनी पाइपच्या उघड्या तोंडांना प्लास्टिकची बुचे लावावीत, नाहीतर आत साचलेले पाणी लोखंड आतून खात राहते.